वाचकांचे प्रश्न : माहिती कोणाच्या मालकीची?

प्रश्न : मी सोलापूरला पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात शेवटच्या वर्षाला आहे. एकीकडे राज्याच्या माहिती खात्यासाठी एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, दुसरीकडे पुण्यातल्या एका जनसंपर्क संस्थेनं कामावर बोलावलं आहे. घरचे म्हणतात, काम तेच. एकीकडे शाश्वती, दुसरीकडे पगार, एवढाच काय तो फरक. मॅडम, तुम्ही दोन्हीकडे काम केलं आहे. काम खरंच एकच असतं का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

वरवर पाहिलं तर तुमच्या घरच्यांचं चुकत नाही. दोन्हीकडे सकाळी पेपर चाळायचे, कात्रणं काढून साहेबांपुढे ठेवायची, प्रेसनोट लिहायची, पत्रकारांचे फोन घ्यायचे आणि पत्रकार परिषदेत माईक ऐन वेळी बंद पडणार नाही हे बघायचं. माहिती खात्यातून निवृत्त झाल्यावर मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत याच कामावर रुजू झाले, तेव्हा पहिल्या आठवड्यात मलाही नवं काही वाटलं नव्हतं.

फरक कळायला लागला तो कागद हातात आल्यावर. जनसंपर्काच्या कामात पहिला प्रश्न असतो, ही माहिती कोणाची? कंपनीत ती कंपनीची असते. नवा कारखाना कुठे उभा राहणार, कोणता प्रकल्प गुंडाळला, यातलं काय सांगायचं, कधी आणि कोणाला सांगायचं हे कंपनी ठरवते, आणि त्यात गैर काही नाही. माहिती अधिकार कायद्यानंही कलम ८ मध्ये व्यापारी गुपितांना संरक्षण दिलं आहे. सरकारी कचेरीतली माहिती मात्र मुळातच लोकांची आहे. २००५ च्या त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की कोणी अर्ज करण्याची वाट न बघता कार्यालयानं आपले नियम, निर्णय, अंदाजपत्रक, अनुदान कोणाला मिळालं त्याचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करावा. म्हणजे जिल्हा माहिती अधिकारी प्रेसनोट काढतो तेव्हा तो लोकांचंच लोकांच्या हातात देत असतो. हे ज्यांच्या मनात मुरलं ते अधिकारी चांगले निघालेले मी पाहिले. आपण साहेबांची बाजू मांडायला बसलो आहोत असं ज्यांना वाटत राहिलं, ते शेवटपर्यंत दौऱ्याच्या बातम्याच लिहीत राहिले.

यातूनच पुढची गोष्ट येते. कंपनीला आपला ऐकणारा निवडता येतो, सरकारला येत नाही. आमच्या कंपनीत प्रेसनोट तयार झाली की पहिली चर्चा ती कोणाला पाठवायची याची. अर्थविषयक पानं सांभाळणारे दोन-चार पत्रकार, वाहन उद्योगावरची एक-दोन नियतकालिकं, झालं. तालुक्याच्या साप्ताहिकाला का नको, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की आपला माल घेणारा ते वाचत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. माहिती कार्यालयात हे चालत नाही. मोठ्या दैनिकाला आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला एकच नोट, एकाच वेळी गेली पाहिजे. काल ज्यानं आपल्या खात्याविरुद्ध पहिल्या पानावर लिहिलं, त्यालाही.

पुराचं उदाहरण देते, कारण सरकारी जनसंपर्काचा सगळा कस तिथे लागतो. कृष्णाकाठी काम करत होते तेव्हा पावसाळ्यात जलसंपदाकडून संदेश यायचा : कोयनेचे सहा वक्र दरवाजे इतके फूट उचलले, इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू. हा संदेश जसाच्या तसा पत्रकारांना पाठवणं दोन मिनिटांचं काम, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढंच होतं. पण नदीकाठच्या माणसाला क्युसेक घेऊन काय करायचं आहे? पाणी आपल्या घाटाला कधी लागणार, कोणता बंधारा पाण्याखाली जाणार, बाहेर पडायला कोणता रस्ता उरणार, हे त्याला हवं असतं. सांगलीतला माणूस आयर्विन पुलाची पातळी विचारतो, कोल्हापुरातला राजाराम बंधाऱ्याची. पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरंही सांगतात. कोल्हापुरात हेच आकडे ३९ आणि ४३. लोकांच्या डोक्यातली मोजपट्टी ही आहे, तर नोट त्याच मापात लिहायला हवी. म्हणून अभियंत्यांना परत फोन लावायचा आणि विचारायचं, हा विसर्ग पुलापर्यंत किती तासांत येईल आणि पातळी कुठवर चढेल.

एवढं लिहूनही माणसं घर सोडत नाहीत, कारण गोठ्यात जनावरं असतात. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, हे वाचून म्हैस कुठे न्यायची ते कळत नाही. जनावरांची सोय कोणत्या मैदानावर केली आहे, चारा पोचला आहे का, डॉक्टर आहेत का, हे नोटेच्या पहिल्या तीन-चार ओळींत आलं की गाव हलायला लागतं. ही गोष्ट मला एका तलाठ्यानं सांगितली आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात मी ती पाळली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माहितीची एक ओळ वेळेवर मिळणं म्हणजे काय असतं ते त्या दोन जिल्ह्यांनी भोगून पाहिलं आहे. या कामात ज्याच्यापर्यंत निरोप पोचला नाही तो ग्राहक गमावला, असा हिशेब मांडता येत नाही. तो माणूस पाण्यात असतो.

कामाचं माप वेगळं असतं ते यामुळेच. कंपनीत महिनाअखेरीला किती ठिकाणी बातमी आली, किती जागा मिळाली, जाहिरात दिली असती तर तेवढ्या जागेला किती पैसे पडले असते, असा तक्ता होतो. सरकारातही कात्रणांची फाईल जाड दिसावी असं वरच्यांना वाटतं. तिथे तुम्ही ठाम राहा. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेची बातमी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर आली, आणि शेतकरी मात्र सातबारा घेऊन केंद्रावर पोचलाच नाही, तर ती फाईल कितीही जाड असो, काम झालेलं नाही.

मंजुरीची वाट दोन्हीकडे लांबच असते. सरकारात मसुदा विभागप्रमुखाकडून वर जातो. कंपनीत तो मार्केटिंगकडून वकिलांकडे जातो, आणि वकील एकेका विशेषणावर अडून बसतात. कंपनीत मोकळीक असते असं तुमच्या कानावर आलं असेल, तर शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपन्यांचे नियम एकदा वाचा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार संचालक मंडळाच्या महत्त्वाच्या निर्णयाची माहिती बैठक संपल्यावर अर्ध्या तासात शेअर बाजाराला द्यावी लागते. बाजार बंद झाल्यानंतर बैठक संपली तर तीन तासांत. त्याआधी ओळखीच्या पत्रकाराच्या कानात सांगितलंत तर तुमच्यावर आणि कंपनीवर कारवाई होऊ शकते, कारण भावावर परिणाम करणारी बातमी कोणा एकाला आधी मिळणं हा बाकीच्या भागधारकांवर अन्याय आहे. सरकारातही याला समांतर एक शिस्त आहे. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना मोठा धोरणात्मक निर्णय आधी सभागृहात सांगायचा, मग बाहेर. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांनी पत्रकारांपुढे काही बोलून टाकलं की सभागृहात त्यावरून गदारोळ होतो, तो याच कारणानं. ही दोन बंधनं मला फार मोलाची वाटतात. माहिती ज्यांची आहे त्यांना ती आधी मिळाली पाहिजे, एवढंच दोन्हींत सांगितलेलं आहे.

आता तुमचा निर्णय. एमपीएससीच्या जाहिरातीत पत्रकारितेच्या पदवीबरोबर अनुभवाची अट असू शकते, ती नीट वाचा. पुण्याची नोकरी तो अनुभव म्हणून धरली जाईल का, हेही पाहा. आणि निर्णय घेण्याआधी तुमच्या जिल्हा माहिती कार्यालयात थोडे दिवस बसायची परवानगी मागा; विद्यार्थ्यांना सहसा नाही म्हणत नाहीत. पुण्याच्या संस्थेला मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा : क्लायंटनं खोटं छापून आणायला सांगितलं तर तुम्ही काय करता? उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो, त्यावरून तुम्हाला बरंच काही कळेल.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत लिपिक आहे. परिषदेचं फेसबुक पान आणि व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याकडे दिला आहे. पाणी किती वाजता सुटणार, घंटागाडीची वेळ, कर भरण्याची मुदत असं मी टाकतो आणि लोकही विचारपूस करतात. हल्ली पदाधिकारी सांगतात, आमच्या वाढदिवसाचे फलक टाक, पक्षाच्या मेळाव्याचे फोटो टाक. खासगी कंपन्या मालकाचे फोटो टाकतातच ना, असंही म्हणतात. नाही कसं म्हणू? – एक कर्मचारी, मराठवाडा

दादा, तुमचा प्रश्न वाचून मला तुमची काळजी वाटली आणि अभिमानही वाटला. पाणी किती वाजता सुटणार हे रोज न चुकता सांगणारा माणूस हा नगरपरिषदेचा खरा जनसंपर्क अधिकारी, त्याच्या पदाचं नाव काही का असेना.

मालकाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. कंपनीचं पान मालकाच्या पैशानं चालतं, त्यानं त्यावर स्वतःचा वाढदिवस साजरा केला तर तक्रार असलीच तर भागधारकांनी करावी. नगरपरिषदेचं पान घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचं आहे, आणि त्यातल्या निम्म्यांनी कदाचित दुसऱ्या पक्षाला मत दिलं असेल. त्यांनी आज पान बघणं सोडलं, तर उद्या पाणी गढूळ येतंय, उकळून प्या, हा तुमचा निरोपही त्यांच्यापर्यंत जाणार नाही. नुकसान खरं इथे आहे, आणि पदाधिकाऱ्यांना पटवायचं असेल तर हाच मुद्दा पुढे करा.

कायद्याचा आधारही आहे. सरकारी जाहिरातींच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१५ रोजी निकाल दिला. जनतेच्या पैशातून होणारी जाहिरात सरकारच्या कर्तव्यांशी संबंधित असावी, मजकूर वस्तुनिष्ठ असावा आणि सत्ताधारी पक्षाचं हित साधण्यासाठी तिचा वापर होऊ नये, ही त्यातली मुख्य तत्त्वं. छायाचित्रांपुरतं सांगायचं तर आधी फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांना मुभा होती. मार्च २०१६ मध्ये न्यायालयानं ती राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांपर्यंत वाढवली. मजकुराबद्दलची तत्त्वं मात्र तशीच राहिली. निकाल जाहिरातींबद्दलचा असला, तरी तुमच्या पानाला त्यामागचा विचार जसाच्या तसा लागू पडतो.

पण तुम्ही लिपिक आहात, हे विसरून मी सल्ला देणार नाही. तोंडावर नाही म्हणू नका. मुख्याधिकाऱ्यांना एक साधी टिपणी सादर करा : परिषदेच्या पानावर कोणत्या प्रकारचा मजकूर असावा, कोणता नसावा, मजकुराला मंजुरी कोण देणार. एक पान पुरे. त्यावर सही झाली की पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःच्या नावावर नकार द्यावा लागत नाही, नस्तीकडे, म्हणजे त्या फाईलकडे, बोट दाखवता येतं. सही होत नसेल, तर निदान तोंडी आदेशाची नोंद तारखेसह वहीत ठेवा. आणि राज्य निवडणूक आयोगानं तुमच्याकडची निवडणूक जाहीर केली की त्याच दिवशी पदाधिकाऱ्यांचे फोटो, उद्घाटनं, कामगिरीचे फलक पानावरून उतरवण्याबद्दल मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी आदेश घ्या. आचारसंहितेच्या काळात तक्रार आली तर पहिला फोन पान सांभाळणाऱ्याला येतो.

घंटागाडीची वेळ टाकणं मात्र एक दिवसही चुकवू नका.

प्रश्न : आमचा खाद्यपदार्थांचा छोटा कारखाना आहे. आमच्या पाकिटात काहीतरी निघाल्याचा व्हिडिओ कोणीतरी फिरवला. अन्न व औषध प्रशासनानं नमुना नेला, आणि अहवाल येण्याआधीच नमुना घेतल्याची बातमी पेपरात आली. आमचे मोठे मालक म्हणतात, अहवाल येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सरकारनं आधी बोलायचं आणि आम्ही गप्प बसायचं, हा काय न्याय? – एक व्यवस्थापक, खानदेश

तुमची तळमळ समजते. पण प्रशासनाच्या जागी उभं राहून बघा. उद्या त्या पाकिटामुळे एखादं मूल आजारी पडलं, तर तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही, हा पहिला सवाल त्यांना होईल. १९९४ च्या प्लेगच्या साथीपासून आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी हे पाहिलं आहे की सरकार गप्प बसलं की जागा रिकामी राहत नाही, अफवा येऊन बसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत, पाण्याची मोठी लाट येतेय, अशी अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. ओसरलेल्या पुरानंतर नुसत्या बोलण्यानं गेलेले ते जीव आहेत. म्हणून सरकारी यंत्रणेनं अर्धवट माहितीही, ती अर्धवट आहे असं स्पष्ट सांगून, लवकर द्यावी, या मताची मी आहे. नमुना घेतला आहे, अहवाल यायचा आहे, एवढंच त्या बातमीत असेल तर तिच्यात अन्याय नाही. दोषी आढळले, असं कोणी लिहिलं असेल तर मात्र आजच लेखी खुलासा पाठवा.

आता तुमच्या मालकांबद्दल. त्यांचं गप्प बसणं मला मान्य नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं ते जाहीर केलं. कंपनीनं आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. ते म्हणणं खरं होतं की नव्हतं, हा वाद बाजूला राहिला. लोकांना ते पटलं नाही एवढं खरं. कंपनी सावरली ती वेष्टन बदलल्यावर, दुकानदारांपर्यंत माणसं पाठवल्यावर, आणि नव्या वेष्टनाचं काम हाती घेतल्यानंतरच जानेवारी २००४ मध्ये तिनं अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं. हा क्रम लक्षात ठेवा. आधी पाकीट, मग चेहरा.

मॅगी नूडल्सचंही तसंच. त्यांत प्रमाणाबाहेर शिसं असल्याच्या २०१५ च्या वादात कंपनी सुरुवातीला इतकी सावध बोलत होती की ५ जूनला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा बंदीचा आदेश येईपर्यंत लोकांनी आपापला निष्कर्ष काढून टाकला होता. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना मान्यता नव्हती आणि कंपनीला म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली गेली नाही, हे न्यायालयाचे मुद्दे होते. नव्या तपासण्या होऊन नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली, पण तोवर हजारो टन माल नष्ट करून झाला होता. यात सरकारी यंत्रणेलाही धडा आहे : लवकर बोला, पण जेवढं सिद्ध झालं आहे तेवढंच बोला.

तुम्ही आज काय करायचं ते सांगते. ज्या बॅचबद्दल व्हिडिओ आहे तिचा क्रमांक शोधा, ती बॅच वितरकांकडून स्वतःहून परत मागवा आणि तसं प्रशासनाला पत्रानं कळवा. मग पाच-सहा ओळींचं निवेदन काढा, मालकांच्या नावानं आणि सहीनं. काय घडलं असं सांगितलं जातंय, आपण काय केलं, कोणता माल परत घेत आहोत, ग्राहकानं फोन कुठे करायचा. व्हिडिओ काढणाऱ्याच्या हेतूबद्दल त्यात एक अक्षर नको. वकिलांना दाखवा, पण त्यांना एका दिवसापेक्षा जास्त वेळ देऊ नका. कायद्याप्रमाणे अन्न विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. तो प्रतिकूल आला तर अपिलाचा रस्ता आहे, त्याची मुदत चुकवू नका. निवेदनावरचा फोन नंबर कोण उचलणार हे आधी ठरवा आणि त्या माणसाला कारखान्यात नेऊन पाकीटबंदी प्रत्यक्ष दाखवा. फोनवर आलेल्या आईला, आमच्याकडे असं होऊच शकत नाही, असं तो म्हणाला तर निवेदन फुकट गेलं.

प्रश्न : आमच्या कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, गावात शाळेच्या खोल्या बांधून दिल्या. जिल्हा माहिती कार्यालयाकडे प्रेसनोट काढायची विनंती केली, तर त्यांनी नकार दिला. समाजासाठी केलेल्या कामालाही असा दुजाभाव का? – एक जनसंपर्क अधिकारी, चाकण

दुजाभाव नाही, कार्यालयानं बरोबर केलं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायला सांगितली आहे. तुम्ही ती चांगल्या जागी खर्च केलीत, याचा आनंद आहे. पण सरकारी शिक्क्याच्या नोटेवर एका कंपनीचं कौतुक गेलं, की उद्या त्याच कंपनीच्या सांडपाण्याबद्दल तक्रार आल्यावर त्या शिक्क्यावर कोण विश्वास ठेवणार?

खोल्या जिल्हा परिषदेकडे रीतसर हस्तांतरित करा. त्या कार्यक्रमाला जिल्हाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी आले, तर शाळेची बातमी माहिती कार्यालय स्वतःहून देईल, तुमचं नाव त्यात एका ओळीत येईल, आणि तेवढं पुरेसं आहे. तुमची स्वतःची नोट तुमच्या लेटरहेडवर स्वतंत्र पाठवा. तीत खोल्यांचा खर्च आणि रंग यांपेक्षा, आधी किती वर्ग एका खोलीत बसत होते आणि आता कसे बसतात, ते मुख्याध्यापकांना विचारून लिहा. आणि ती अर्थविषयक पानांबरोबर तुमच्या तालुक्याच्या साप्ताहिकालाही पाठवा. त्या शाळेतल्या पोरांचे आईबाप तेच वाचतात.